वाल्टरचा शेजारी

गुरुवारी सकाळी शिवानंद कामावर गेला. दुपारी त्याच्या ऑफिसातून फोन आला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो गेला होता.

सोलापूर सोडून आम्हाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. निघताना स्टेशनावर अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभ्या होत्या आणि लेकाला बजावत होत्या, थंडीत कान झाकत जा. जर्मनीत त्याने कान कधी झाकले नाहीत. मी झाकायचे, आणि तो मला अव्वा म्हणून चिडवायचा.

आम्ही लिंगायत. आमच्यात देहाला अग्नी देत नाहीत, माती देतात, आणि तीही बसवून, मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग ठेवून. देह सोलापूरला न्यायचा तर कागदपत्रांत बरेच दिवस जाणार होते. त्याला तसं ताटकळत ठेवू नका, असं अव्वाच म्हणाल्या. पण इथे माणसाला आडवंच पुरतात. अंत्यविधी करणाऱ्या गृहस्थाने माझं सगळं ऐकून घेतलं, विभूती लावू दिली, लिंग हातात ठेवू दिलं. पेटीचा आकार मात्र त्याच्या हातात नव्हता. माती दिली त्या संध्याकाळी माझ्या दिरांचा, बसवराज भावजींचा, फोन आला.

“बसवलं काय वहिनी?”

मी नाही म्हणाले. भावजींनी फोन अव्वांकडे दिला. मग अव्वांचा आवाज आला. “झोपवलंय न्हवं? झोपू दे की. लई राबला माझा लेक.”

त्याच फोनवर ठरलं की वर्षभरात इथलं आवरून मी शुक्रवार पेठेतल्या घरी परत जायचं. ठरलं म्हणजे भावजी म्हणाले आणि मी हो म्हणाले. सोलापुरात मी कॉलेजात मराठी शिकवायचे. इथे गावच्या वाचनालयात लोकांनी परत केलेली पुस्तकं जागेवर लावते. सोडून जाताना जड वाटावं असं इथे काही आहे, हे तेव्हा माझ्या मनातही नव्हतं.

दफनभूमीकडे मी पुन्हा गेले नाही. आमच्या घरी तिसऱ्या दिवशी दूध वाहिलं की बायका त्या बाजूला फिरकत नाहीत. गेलेला माणूस शिवात मिळाला, आता मातीत काय पाहायचं, अशी आमची समजूत. मी तीच पाळत होते. इथे त्याचा अर्थ काय होतो, ते मला वसंतात कळलं. एक वृद्ध बाई वाचनालयात माझ्या टेबलापाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, तुमचे यजमान माझ्या वाल्टरच्या शेजारी आहेत. तुम्ही आजारी तर नव्हता ना?

या फ्राऊ लेहमान, वाल्टर त्यांचा नवरा. मनात मी त्यांना लेहमानबाई म्हणते. त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले. इथे प्रत्येक कबर म्हणजे लहानसा वाफा असतो आणि तो घरच्यांनी राखायचा असतो. कुणी आलं नाही तर लोक समजतात, गेलेल्याला कुणी नाही, किंवा ज्यांचा होता त्यांना तो नको होता. शिवानंदच्या मातीवर तण नव्हतं. जांभळी फुलं होती. पूर्ण हिवाळाभर बाई दोन्ही वाफे बघत होत्या. आमच्यातली रीत मी मोडक्या जर्मनमध्ये सांगू लागले, तर त्यांनी अर्ध्यावरच हातात झारी दिली.

“वाल्टरला पाणी घालते, मग शेजाऱ्याला कोरडा कसा ठेवू?”

त्यानंतर माझे शनिवार ठरून गेले. नळाजवळ हिरव्या झाऱ्या साखळीने अडकवलेल्या असतात. नाणं घातलं की झारी सुटते, परत अडकवली की नाणं परत मिळतं. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात वाढलेली मी, त्या अखंड धारेखाली झारी धरून उभी राहायचे आणि मला उगीच चोरट्यासारखं व्हायचं. हे अव्वांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मेलेल्यांना रोज पाणी, अन् हितं जित्यांना चार दिवसाला. तुझ्या लेहमानबाईला म्हणावं, आमच्या पेठेत ऱ्हायला ये.” मी हे बाईंना जमेल तसं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की पलीकडच्या बाकावरचे आजोबा वळून बघू लागले.

पाणी घालून झालं की आम्ही बाकावर बसतो. त्या थर्मासातून कॉफी आणतात आणि आलुबुखाराचा केक. मी कधी शेंगापोळी नेते. ती त्या खिशातला छोटा चाकू काढून केकसारखी कापून खातात. उन्हाळ्यात तीस अंश झाले की सारं गाव हाय खातं आणि मी सुती साडी नेसून खुशीत फिरते. आमच्याकडे हे पहाटेचं तापमान, असं मी सांगते. त्यांना ती माझी थाप वाटते.

पक्ष्यांना घालायच्या दाण्यांच्या पाकिटात एकदा मला ज्वारी दिसली. मूठभर शिवानंदच्या वाफ्यावर टाकली. पाखरांनी काही खाल्ली, उरलेली उगवली. ती कंबरेएवढी होईपर्यंत येणारेजाणारे थांबून विचारायचे, हे कुठलं शोभेचं गवत? अखेर तिथला माळी आला. टोपी काढून त्याने सांगितलं की नियम गुडघ्यापर्यंतचा आहे, पण तो सुट्टीवर निघाला आहे, परत आल्यावर कापेल. त्याची सुट्टी बरीच लांबली.

असं वर्ष संपलं. तिकडे भावजींनी माडीवरची खोली रंगवून घेतली, भिंतभर फळ्या मारल्या. फोनवर दाखवत म्हणाले, वहिनी, तुमची पुस्तकं आली की खोली भरंल. मी छान झालीय म्हणाले आणि फोन ठेवला. मला जायचं नव्हतं. राहायचं म्हणायला मात्र तोंड नव्हतं. नवरा मातीत गेला त्या गावात एकट्या बाईने का राहावं, याचं चारचौघांत सांगण्यासारखं एकच कारण मला सापडलं. तो तिथे आहे, त्याच्या मातीची देखभाल कोण करणार?

संक्रांतीला मी सोलापूरला गेले. गड्ड्याची जत्रा भरली होती. पुतणीने मला पाळण्यात बसवलं, पेठेतल्या बायका येऊन भेटून गेल्या, रडल्या, चहा पिऊन गेल्या. सगळे मायेने वागत होते. त्या मायेत मी दहा दिवस गप्प राहिले. मग एका दुपारी गच्चीवर अव्वा शेंगा फोडत बसल्या होत्या, तिथे जाऊन बसले आणि सांगितलं की मला परत जायचं आहे. त्याचा वाफा आहे, उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं.

अव्वांनी मान वर केली नाही. “तो तितं न्हाय,” त्या म्हणाल्या. “शिवात मिळाला तो. त्याच्यासाटी तितं ऱ्हायची गरज न्हाय तुला.”

माझं कारण संपलं. त्या शेंगा फोडत राहिल्या.

“तुला सोताला तितं बरं वाटतं काय, ते सांग.”

मी विचार केला. सकाळी वाचनालय उघडताना येणारा कागदाचा वास. कोपऱ्यावरची बेकरीवाली, जी माझ्यासाठी पावाचं कडक टोक बाजूला ठेवते. कुणी काही विचारत नाही अशी रविवारची शांतता. लेहमानबाईंची कॉफी. ही सुखं इतकी बारीक होती की ती सासूपुढे ठेवताना लाज वाटली. आणि त्यांचा मुलगा नसताना ती मला मिळत होती.

“वाटतं, अव्वा,” मी म्हणाले.

“मग तसं म्हण की. त्याच्या नावावर कशाला घालतीस?” मग सोललेले दाणे त्यांनी माझ्या ओंजळीत ओतले. “बसूला मी सांगते. रागवंल चार दिवस. तू जा, यव्वा.” पुतणीला त्या अशीच हाक मारतात.

भावजी चार दिवसांहून जास्त रागावले. स्टेशनावर सोडायला मात्र तेच आले.

माडीवरच्या खोलीत आता पुतणी अभ्यास करते. फळ्यांवर तिची पुस्तकं आहेत आणि खालच्या एका फळीवर माझी काही. अव्वा रविवारी फोन करतात, आधी माझं जेवण विचारतात आणि मग लेहमानबाईंचे गुडघे. शिवानंद नाही. सोलापूर माझं घर आहे, आणि मी इथे राहते.