झाकणाखालच्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशी आधी एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात होत्या. इकडे येऊन त्यांना अकरा वर्षं झाली. बाटल्या धुणं, प्लेट्स मांडणं आणि आम्हा विसराळू मुलींना ओरडणं ही त्यांची कामं. शेवटचं काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं.

त्या वर्षी मी त्वचेच्या पेशींवर अतिनील किरण सोडत होते. उन्हात असतात तेच. त्यांनी डीएनएला इजा झाली की पेशीतली दुरुस्तीची जनुकं खडबडून जागी होतात आणि कामाला लागतात. पुस्तकात तसंच लिहिलंय. माझ्या पेशी मात्र ढिम्म! दिवा बदलला, पेशी बदलल्या, सेकंद वाढवले. तीन महिने डोकं चक्रावून गेलं होतं. प्लेट्स दिव्याखाली ठेवायचं काम मावशींकडे होतं, मी नुसती आकडे बघून केस उपटत होते.

शेवटी वैतागून म्हणाले, "मावशी, या पेशींना उन्हाचं काही सोयरसुतकच नाही. ऊन यांचं काहीएक वाकडं करत नाही!"

"खरंच? बरं झालं, बाई!" त्या एकदम खुलल्या. कशाने, ते मला कळलं नाही.

तीन आठवड्यांनी मी सहज त्यांच्याशेजारी उभी होते. त्यांनी प्लेट झाकणासकट दिव्याखाली ठेवली आणि बटण दाबलं.

"मावशी, झाकण?"

"तुम्हीच म्हणालात ना, झाकण उघडलं की बुरशी धरते!"

म्हणाले होते. पहिल्याच दिवशी, आवाज चढवून. पण त्या प्लास्टिकमधून हे किरण जवळजवळ जात नाहीत, दिव्याखाली झाकण काढायचं असतं, हे सांगायचंच राहिलं होतं. राग कुणावर काढावा हेच मला कळेना.

झाकण काढून प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी आकडे चौपट. मी नाचतच मावशींकडे गेले. "जमलं! उन्हाने पेशींना इजा होते, चांगलीच होते!"

मावशींनी हातातली बाटली खाली ठेवली. त्यांचे यजमान तीस वर्षं छपरांवर पत्रे बसवतायत. त्यांच्या नाकावरची जखम काही महिने भरत नव्हती. उन्हाने काही वाईट झालं असेल या भीतीने डॉक्टरांची वेळ घेतली होती, ती मावशींनी रद्द केली होती.

"मीच ह्यांना सांगितलं, मॅडमनी तपासून बघितलंय, उन्हाने काही होत नाही." त्या चिडल्या नव्हत्या, पार गोंधळून गेल्या होत्या. "आता काय सांगू? महिन्याभरात ऊन बदललं म्हणू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "फोन लावा," मी म्हणाले, "मीच सांगते."

पलीकडे वारा ऐकू येत होता आणि पत्र्यावर हातोडी. ती थांबली.

"मॅडम, तुम्ही?" काकांचा आवाज खुशीत होता. "तुमचे फार उपकार झाले बघा. आता डोक्यावर टोपीसुद्धा लागत नाही!"