आईचे अकरा तास

माझी मोठी बहीण लंडनला होती आणि तिचे दिवस भरत आले होते, म्हणून आई एकटीच विमानाने जायला निघाली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीतलं तोवर कोणी विमानात बसलं नव्हतं.

मी शाळेत भूगोल शिकवायची. शाळेतला पृथ्वीगोल घरी आणून मी मुंबई ते लंडन दोरा धरला आणि हिशेब केला. सव्वासात हजार किलोमीटर, वाटेत एक थांबा, एकूण अकरा तास.

"सकाळी नऊला निघशील, तिथल्या दुपारी अडीचला पोचशील," मी म्हटलं.

आईने बोटं मोजली. "नऊपासून अडीच म्हणजे साडेपाचच झाले. बाकीचे कुठी गेले वं?"

तिथलं घड्याळ आपल्या मागे असतं, हे मी दोनदा समजावलं. तिला पटलं नाही, पण अकरा हा आकडा तिने आणि बाबांनी पक्का धरला.

सोमवारी मुंबईला तिला विमानात बसवून मी संध्याकाळच्या गाडीने निघाले. मंगळवारी सकाळी घरात पाय ठेवताच बाबांना सांगितलं, "कालच पोचली ती."

"मंग तार काहून नाही आली?"

येईल, म्हटलं. मंगळवार गेला. बुधवारी बाबांनी ताटावरून उठून फाटकाशी खुर्ची टाकली. दोन वेळा त्यांनी मला विचारलं, "अकराच तास म्हणाली होतीस ना?" शाळेत माझं कशातच लक्ष लागेना. वर्गात गोलाला हात लावायचीही मला भीती वाटली.

गुरुवारी दुपारी तार आली. आई काल संध्याकाळी सुखरूप पोचली होती.

मग पत्र आलं. वाटेत एका अरबी शहरात विमान बिघडलं आणि सगळ्यांना दोन दिवस हॉटेलात ठेवलं. ताईला विमानतळावर उशीर कळला होता, पण आम्हाला घोर नको म्हणून तिने आई पोचेपर्यंत तार केली नाही. आईला इंग्रजी येत नव्हतं. लेकाकडे निघालेली एक पंजाबी म्हातारी तिला भेटली, तिलाही येत नव्हतं. आईने आपल्या नागपुरी हिंदीत तिच्याशी दोस्ती केली. दोघी एकाच खोलीत राहिल्या, खजूर खाल्ले आणि जेवणात मटण आहे का, ते हातवारे करून विचारत राहिल्या. "मले तर मजाच आली," तिने लिहिलं होतं. "तुमीच उगीच जीव टांगून बसले असान."

बाबांनी पत्र तीनदा वाचलं आणि त्या दिवशी नीट जेवले.

चार महिन्यांनी आई परतली तेव्हा बाबा माझ्यासोबत मुंबईला आले. विमान पाच तास उशिरा होतं. मी सारखी विमानांच्या वेळांच्या फळ्याकडे जाऊन यायची. बाबा बाकावरून हलले नाहीत.

"बस ना वं," ते म्हणाले, "येते ते."