फवाऱ्याचं इमान

माहा नवरा गेला, त्याच साली कपाशीच्या पऱ्हाटीवर औषध माराले नागपुराहून इमान आलं. शेत कुठून कुठवर हाये हे वरून दिसावं म्हनून दोन्ही टोकाच्या धुऱ्यावर एकेक मानूस पांढरं फडकं हालवत उभा राहे. फडकं नाही दिसलं, तं शेत फवाऱ्यातून सुटे.

मी एकटीच. पल्याडच्या धुऱ्यावर बांबू गाडला अन् त्याले नवऱ्याचं धोतर बांधलं.

शेजारीन हासली, "काहून वं, बांबू काय फडकं हालवन?"

"वारा हालवन," म्या म्हटलं.

वारा होता. इमान माह्या डोक्यावरून गेलं, औषध अंगावर पडलं, शेतही सुटलं नाही. मंग सारे आपापल्या मानसाले हाका मारत घरी निंगाले. मले हाक मारासाठी पल्याड कोनी नोतं.