कडेच्या अणूला शेजारी कमी

रविवारची दुपार. विभागाच्या कॉम्प्युटर खोलीत पंखा घरघरतोय, पडद्यावर आकडे सरकतायत. मी खुर्चीतच मान टेकते. पंख्याचा आवाज लांब जातो, मग वाहत्या पाण्यासारखा होतो.

"निलू, सरक जरा."

शेजारच्या खुर्चीत मगदूम मॅडम बसल्यात. माझ्या पीएचडीच्या गाइड. दिवाळीआधी त्या गेल्या, त्यांना अखेरचा निरोप द्यायला मी मिरजेला गेले होते. हे मला इथंही ठाऊक आहे, पण त्याचं नवल वाटत नाही.

"अडलंय कुठं?"

मी सांगू लागते. आमचा गॅडोलिनियम, दुर्मिळ मृदा धातू. त्याचा प्रत्येक अणू म्हणजे इवलीशी चुंबकसुई. शेजारच्या सुया बघून ती आपली दिशा ठरवते. तापवलं की सगळ्या भरकटतात. कण अतिसूक्ष्म असेल तर कमी उबेलाच भरकटतात, प्रयोगात तसंच दिसतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये मात्र सूक्ष्म कणही भल्यामोठ्या ठोकळ्याइतकाच हट्टी.

"नवे सर म्हणतात, विषय सोड. उद्या मी हो म्हणणार आहे."

"बरं. चल."

दार उघडतं ते थेट मैदानात. बायकाच बायका, रांगांनी उभ्या. प्रत्येकीचा हात शेजारणीच्या हातात. एक वळली की तिच्या आजूबाजूच्या वळतात.

"कडेची बघ," मॅडम म्हणतात.

कडेला हिरव्या लुगड्यातली एक बाई. तिच्या पलीकडे कुणीच नाही. तरी ती हात पुढं करते. हात लांबतो, लांबतच जातो, मैदानाला वळसा घालून पार दुसऱ्या टोकाच्या बाईचा हात धरतो.

मॅडम खदखदून हसतात. "एवढा लांब हात असतो का गं कुणाचा?"

मलाही हसू येतं, आणि हसता हसता कळतं. ठोकळ्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मी कणाला तसाच लावलाय. ठोकळा अफाट मानायचा, म्हणून त्याची एक कड दुसरीला जोडून टाकतात. कणाला तर खरीखुरी कड आहे. तिथल्या अणूला शेजारी कमीच असणार.

वळून बघते तर आम्ही मॅडमच्या घराच्या गच्चीवर. मॅडम पापड उलटतायत.

"मॅडम, लग्नानंतर इतकी वर्षं घरी काढून मी शिकायला परत आले, तेव्हा कुणी घेत नव्हतं मला. तुम्ही घेतलंत. मी कधी बोललेच नाही."

"आता बोललीस की."

"हे दाखवायलाच आलात ना?"

"छे! ते तुला सापडलंच असतं." त्या पापड खाली ठेवतात. "तुझी आठवण आली म्हणून आले."

 त्या पदर खोचतात, जिन्याकडं निघतात. "धर गं, पायऱ्या उंच आहेत." माझं डावं मनगट त्या घट्ट धरतात, त्यांच्या बांगड्या त्यात रुततात. आम्ही उतरत राहतो.

डोळे उघडतात. पंखा फिरतोय. ऊन टेबलावर आलंय. डाव्या मनगटावर बांगड्यांचे लालसर वळ उमटलेत. मी बांगड्या घालत नाही.

तो हात मी तसाच मांडीवर जपून ठेवते आणि उजव्या हातानं एकेक अक्षर टाइप करत कणाच्या जोडलेल्या कडा सोडवते. प्रोग्रॅम पुन्हा चालू होतो. बराच वेळ आकडे नुसते सरकत राहतात. मग बारीक कणाच्या चुंबकत्वाचा आलेख ठोकळ्याच्या आधीच, कमी उबेलाच खाली झुकू लागतो.

वळ अजून आहेत. मी त्यांवर हळूच गाल टेकवते.