मामाचं नाक

माझ्या मामाचं बूटदुरुस्तीचं दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल आणि समोरासमोर दोन फळ्या. त्याच्या हाताला तोड नव्हती, पण गर्व होता तो नाकाचा. सोलला सोल्युशन लावलं की ते थोडं सुकू द्यावं लागतं, मग चिकटवायचं. बाकीचे कारागीर बोट लावून बघतात. मामा हुंगायचा. "बोट फसवतं, नाक फसवत नाही," असं तो गिऱ्हाइकालाही ऐकवायचा, आणि गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं, कारण त्याचा एक पाय अनवाणी असायचा.

वीस वर्षं हे चाललं. मग हातात बूट नसतानाही तो हुंगायला लागला. दुपारी अर्धं शटर खाली, मांडीवर सोल्युशनचा उघडा डबा, चेहऱ्यावर समाधान. मामीने हटकलं की म्हणे, "माल तपासतोय." एवढा तपास पोलीसही करत नाहीत, असं म्हणून आम्ही हसलो. हसायला नको होतं. आता लिहिताना माझा मलाच राग येतो.

पुढे मामा चिडका झाला, विसरायला लागला, आणि एक दिवस बूट त्याच्याशी बोलायला लागले. म्हणजे त्याच्याशी नाही, आपापसात, त्याच्याविरुद्ध. जोडीतले दोघं मिळून कट करतात असं त्याच्या डोक्याने घेतलं. कारागीर माणूस, लगेच उपाय केला: सगळे डावे बूट एका फळीवर, सगळे उजवे समोरच्या. गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी मात्र जोडीला एकच. त्या आठवड्यात शाळेचे हेडमास्तर एक काळा आणि एक तपकिरी बूट घालून प्रार्थनेला उभे राहिले, आणि पोस्टमन एका पायात सात नंबर, दुसऱ्यात नऊ नंबर घालून पत्रं वाटत फिरला.

तरी कुजबुज थांबेना. मग संशय मामीवर गेला. ती रोज दोन फळ्यांमधून झाडू मारायची, म्हणजे हिचाच हात, हीच इकडचे निरोप तिकडे पोचवते. घरी तो वाढलेल्या ताटातला घास आधी तिला खायला लावायचा. तिला चोर म्हणायचा. मामी माझ्यासमोर रडली, आणि ती रडणाऱ्यांतली नाही. शेवटी तिने त्याला सांगितलं, "अहो, डॉक्टरकडे चला. नाहीतर मी चालले, परत यायची नाही."

मामाने फळ्यांचा सल्ला घेतला. दोन्ही फळ्या एका आवाजात म्हणाल्या, जाऊ नकोस. आजवर त्यांचं कशावरच एकमत झालं नव्हतं. मामाला दाट संशय आला आणि तो मुकाट्याने रिक्षात बसला.

मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सोल्युशनची वाफ मेंदूत जाते," त्या म्हणाल्या. "आधी बरं वाटतं, मग भास होतात, संशय येतो, आठवण जाते. बंद केलंत तर बरंच सुधारेल. सगळंच परत येईल असं मी सांगत नाही."

"बंद कसं करू? नाकावर तर माझा धंदा आहे."

बाईंनी त्याला डोळे मिटायला लावले आणि हात धुवायचा साबण नाकाखाली धरला. "कसला वास?"

"कसला? काहीच तर नाही."

डोळे उघडून त्याने साबण पाहिला आणि स्वतः हातात घेऊन पुन्हा हुंगला. वीस वर्षं मिरवलेलं नाक कधीच कामातून गेलं होतं.

महिनाभर तो दवाखान्यात राहिला. घरी आल्यावर सोल्युशनचं सगळं काम मामीने घेतलं, तेही बाहेर ओट्यावर, मोकळ्या हवेत, बोट लावून. मामा शिलाई आणि खिळे बघायचा, कधी जीव कासावीस झाला की हातोडी आपटायचा. हळूहळू बूट मुके झाले.

एकदा जेवताना त्याने विचारलं, "मी तुला चोर म्हणायचो?"

"म्हणायचात. रोज."

"मला आठवत नाही." त्याचा घास हातातच राहिला. "मग तू गेली का नाहीस?"

"जाणार होते. बॅगेची चेन तुटलेली होती. चेन बसवणारा माणूस भानावर नव्हता."

मामा उठला, हात धुतले आणि बॅग खाली काढली. तासभर खपून त्याने नवी चेन बसवली, दोनदा फिरवून पाहिली आणि बॅग तिच्यापुढे ठेवली. "आता अडणार नाही," तो म्हणाला.

मामीने बॅगेत जुनी पांघरुणं कोंबली, चेन लावली आणि ती माळ्यावर टाकायला त्यालाच स्टुलावर चढवलं.