राखीव बाकावरची चिमी

ज्याची पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, त्याला धोका पत्करायला कोण शिकवणार? दोर, ब्रेक, दार, सगळं दोनदा तपासायचं आणि मगच माणसं आत घ्यायची, असा मिस्त्रींचा खाक्या. लेक दूरच्या शहरात नोकरीला गेली तेव्हा तिची खोली त्यांनी तशीच ठेवली, टीव्हीला जोडलेल्या फुटबॉलच्या गेमसकट. त्यात तिने स्वतःच्या टोपणनावाची खेळाडू बनवली होती. चिमी, वय एकोणीस, काम गोल मारणं.

लेकीचा फोन रविवारी यायचा. जेवलात का, जेवलो, गोळी घेतली का, घेतली, की संपलं. बोलायला काहीतरी हवं म्हणून मिस्त्रींनी गेम हाती घेतला. चिमी पहिल्या अकरांत आली की लेकीला सांगायचं, एवढाच त्यांचा बेत. रोज कामावरून आले की चहा घेऊन ते चिमीचा सराव घ्यायचे. सरावाचे गुण मिळत, ते मिस्त्री अचूक पास आणि बचाव यांवरच घालत. सामन्यात गोल समोर असला तरी चेंडू मागे. चूक म्हणून सापडायची नाही! तरीही संघ निवडणारा कॉम्प्युटर तिला राखीव बाकावरच बसवायचा.

"डोळे फुटले काय रे तुझे?" मिस्त्री टीव्हीवर डाफरत. घरात डाफरायला दुसरं होतं कोण?

चार महिन्यांनी त्यांनी लेकीकडे गाऱ्हाणं केलं. ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

"अहो बाबा, गोल मारणारी आहे ती. किती फटके मारते ते बघून तो निवडतो. तुम्ही तिला मारूच देत नाही?"

"लांबून मारलं की चुकतं गं."

"चुकू द्या ना." मग तिचं हसू ओसरलं. "मलाही फुटबॉलच्या निवड चाचणीला जाऊ दिलं नव्हतंत. पाय मोडेल म्हणालात."

"तुझ्या भल्यासाठीच..." फोन ठेवते म्हणाली ती.

त्या दिवसापासून मिस्त्रींनी चिमीला मारू दिलं. पहिले पाचही फटके आभाळात गेले. तरी सरावाचे गुण त्यांनी फटक्यांवरच घातले. दहा दिवसांनी, बुधवारी, चिमी पहिल्या अकरांत आली. त्यांनी फोन लावला.

"काय झालं बाबा? बरे आहात ना?" लेक घाबरलीच. ते आपणहून कधी फोन करत नसत.

"बरा आहे. चिमीला घेतलं संघात."

"अरे वा!"

सांगून झालं. त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

"तुला तेव्हा जाऊ द्यायला हवं होतं गं. चुकलो मी."

"सामना लावा बाबा, मी ऐकतेय," लेक म्हणाली. या वेळी फोन तिने ठेवला नाही.