धाकटीचे पांढरे केस

दसऱ्याच्या दिवशी, ताईच्या मुलीच्या साखरपुड्यात, नव्या विहिणींसमोर ती मला म्हणाली, "अगं, कानामागे डायचं काळं राहिलंय. मी पार्लरला अडीच हजार मोजते, आणि तू ऐंशी रुपयांच्या पुडीत भागवतेस!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

घरी आरशासमोर तो डाग घासताना जाणवलं, की वय कुणाचंच एकट्याचं नसतं. धाकटीच्या डोक्यावरून लोक थोरलीचं वय मोजतात. मी जुना गाऊन घालून वाटीत डाय कालवत होते, म्हणून तर तिच्या अडीच हजारांना अर्थ होता. मी पुड्या आणणंच बंद केलं.

आधी भांगात चुन्याची रेघ उमटली. मग पांढरेपण सावकाश कानांपर्यंत उतरलं. रोज सकाळी ते बघताना जे सुख होई, ते कुठल्याच रंगाने दिलं नव्हतं.

वैशाखात लग्न झालं. मांडवात नवऱ्या मुलाच्या आत्याने मला वाकून नमस्कार केला. "तुम्ही थोरल्या ना?"

"छे हो! ताईपेक्षा चार वर्षांनी धाकटी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आत्याबाई ताईच्या काळ्याभोर केसांकडे बघतच राहिल्या.

पाठवणीनंतर दोनच दिवसांत ताईने माझ्या नावाने पार्लरमध्ये अडीच हजार भरले. "जा गं बाई, रंगव एकदाचे!"

मी गेले. फेशियल केलं, पाय घासून घेतले, खांद्यांना मालिश करवली. केस फक्त धुतले. पन्नास रुपये कमी पडले, ते पार्लरवालीला मी माझ्या पदरचे दिले.